खेळायला कुणीतरी

चारुलताचा उद्धवमामा मालवाहू जहाजावर वायरलेस ऑफिसर होता. लग्न केलेलं नव्हतं, मुंबईत स्वतःची खोली नव्हती, त्यामुळे सुट्टी लागली की तो सरळ मेहकरला बहिणीकडे यायचा. येताना साबणाच्या वड्या, सेंटची बाटली, एखादं घड्याळ असं काहीबाही घेऊन यायचा. शहाऐंशीच्या दिवाळीत मात्र त्याने एक चपटा काळा डबा आणला. शाळेच्या पुस्तकाएवढा. वर रबराची करडी बटणं, आणि एकेका बटणावर मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक इंग्रजी शब्द.

"कॉम्प्युटर आहे," मामा म्हणाला. "टीव्हीला जोडायचा."

टीव्ही होता. चारुलताचे वडील वामनराव देऊळगावकर पंचायत समितीत कारकून होते, आणि आळीतला पहिला ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही त्यांच्याच पुढच्या खोलीत आला होता. रविवारी सकाळी अर्धी आळी तिथे मांडी घालून बसायची. मामाने टीव्हीमागे वायर खुपसली, खूप वेळ चॅनलची चकती फिरवली, आणि मग पाच-सहा बटणं दाबली. पडद्यावर CHARULATA असं उमटलं. त्याखाली पुन्हा CHARULATA. मग ती नावं वरून खाली धो धो वाहायलाच लागली.

तेरा वर्षांची चारुलता पुढे सरकली. "थांबव ना मामा."

"तूच थांबव की."

तिने सगळी बटणं दाबून पाहिली. कोणत्या दोन बटणांनी ते थांबलं हे तिला कळलं तेव्हा आई तिसऱ्यांदा जेवायला हाक मारत होती.

ती घरात एकटीच. तिच्यानंतर आईला मूल राहिलं नाही. अंगाने उंच, बोलायला सावकाश. वर्गात बाई प्रश्न विचारत तेव्हा तिचं उत्तर तयार होईस्तोवर दुसरीच कुणीतरी ते देऊन खाली बसलेली असायची. त्या डब्याला मात्र घाई नव्हती. कितीही वेळ लावा, तो चौकोन लुकलुकवत वाट बघत थांबायचा.

सुट्टी संपल्यावर मामाने डबा नेला नाही. "बोटीवर खारी हवा खाईल याला. इथेच राहू दे. पुढच्या दिवाळीत येतो, मग दोघं मिळून एक खेळ करू. मोठा." पुढच्या दिवाळीत तो आला नाही. हॉलंडमधल्या कुठल्याशा बंदरात त्याला जमिनीवरची नोकरी मिळाली, तिथेच लग्न झालं, पत्रं विरळ होत गेली. आई म्हणायची, "सुखात आहे ना, मग झालं." डबा चारुलताकडे राहिला होता, आणि तो शिकवणारा माणूस गेला होता. या दोन गोष्टींपैकी कशाचं काय वाटून घ्यावं हे तिला ठरवता येत नव्हतं.

डब्यासोबत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. शाळा मराठी. तिने डिक्शनरी मांडीवर घेतली आणि पानामागून पान लावायला सुरुवात केली. कित्येक शब्द डिक्शनरीत नव्हतेच, आणि जे होते त्यांचे अर्थ इथे जुळत नव्हते. 'लूप' म्हणजे फास असं लिहिलेलं होतं. फास घालून पडद्यावरचा चेंडू उसळायला लावायचा कसा? चुकलं की पडद्यावर एक ओळ यायची, आणि ती ओळ सांगते काय हे विचारायला सबंध तालुक्यात माणूस नव्हता. गणिताच्या सरांना एकदा विचारलं होतं. सरांनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि प्रेमानेच म्हणाले, "बाळ, हे आपल्या अभ्यासक्रमात नाही."

वीज ही दुसरी गोष्ट. मेहकरात वीज जायला कारण लागत नसे. सकाळपासून टाइप केलेलं सगळं एका क्षणात पुसलं जायचं. दिवे आले की डबा पुन्हा कोरा, जन्मल्यासारखा. त्यावर उपाय म्हणजे लिहिलेलं कॅसेटवर उतरवून ठेवायचं. टेपरेकॉर्डर होता, कॅसेटी आईच्या भजनांच्या होत्या. एका गुरुवारी संध्याकाळी आईने उदबत्ती लावली, टेप सुरू केला आणि आरतीच्या जागी किर्रर्र करून असा काही आवाज निघाला की शेजारचे धावत आले. आई तिच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चारुलता शाळेतून आली तर टीव्हीवर कोऱ्या कॅसेटीचं पाकीट ठेवलेलं. आई आत तुरीच्या डाळीतले खडे वेचत होती, तिने मान वर केली नाही.

पहिले काही महिने ती पुस्तकातलेच खेळ जसेच्या तसे उतरवत होती. स्वतःचा पहिला खेळ केला तो पाखरांचा. ज्वारीचं शेत, शेतात राखणीचा उंच माळा, माळ्यावर गोफण घेतलेली मुलगी. पाखरं येतात, दगड मारून उडवायची. पाखराचं चित्र काढायचं तर आठ बाय आठ घरांत एकेक ठिपका भरावा लागे. ते तिला कागदावर जमेना. मग तिने मागच्या अंगणात रांगोळीचे आठ बाय आठ ठिपके काढले आणि ते भरत, पुसत बसली. पंख वर असलेलं एक, पंख खाली असलेलं एक. शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावून म्हणाल्या, "बाई गं, ही कसली रांगोळी? कावळा आहे का?"

त्या शेजारच्या काकूंकडेच सुचिता राहायला आली. पैनगंगेच्या पलीकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. गावात सातवीपर्यंतच शाळा, म्हणून आत्याकडे ठेवलेली. चारुलताच्याच वर्गात. पहिल्याच दुपारी ती न विचारता पुढच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"हे काय हाय वं?"

"पाखरं."

सुचिताने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. "असे एकेक येतात काय पाखरं? थवाच्या थवा येते. अन् उडवले का, एक गिरकी मारून पुन्हा तिथंच बसते. म्या चार वर्सं राखण केली, मले माहीत हाय."

थवा करायला चारुलताला अख्खा उन्हाळा लागला. सात-आठ पाखरं एकदम हलवायची म्हटलं की डबा बैलासारखा रेंगाळायचा. एक पाखरू हले, मग दुसरं, मग तिसरं. दुपारी दारं लावून, पंखा घरघरवत, ती तेच ते पुन्हा लिहायची. शेवटी एके दिवशी तिच्या लक्षात आलं की सगळी हलवायची गरजच नाही. एका खेपेला अर्धी हलवली, दुसऱ्या खेपेला उरलेली अर्धी, तर बघणाऱ्याला सगळा थवाच उडाल्यासारखा दिसतो. तिने करून पाहिलं. थवा उठला, वळला, बसला. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

"झालं," ती आईला म्हणाली.

"काय झालं?"

"पाखरं अडखळत होती. आता नाही अडखळत."

"बरं झालं," आई म्हणाली. "ताटं घे."

तिने ताटं घेतली. वडील ऑफिसातून आले, जेवले, पेपर वाचत बसले. एवढी मोठी गोष्ट घडली होती आणि ती सांगावी असे शब्दच त्या घरात नव्हते. कुणाची चूक नव्हती त्यात. वामनराव मुलीला कधी त्या डब्यावरून बोलले नाहीत, टीव्ही अडवते म्हणून रागावले नाहीत. पण चप्पल घालताना पडद्यावर एखादी नजर टाकायची आणि "चालू दे" म्हणून बाहेर पडायचं, याहून जवळ ते कधी आले नाहीत.

सुट्टी संपवून सुचिता परतली. चारुलताने तिला डब्यापुढे बसवलं.

थवा उठला तशी सुचिता ओरडलीच. "आवं! हे तं खरेच हायेत!" आणि मग ती बसून खेळलीच नाही. गुडघ्यांवर उभी राहून, दात-ओठ खात, "हाऽऽ हुर्रर्र" करत तिने बटणं बडवली. चारुलता पडद्याकडे बघत नव्हती. ती सुचिताच्या तोंडाकडे बघत होती. आपल्याला कुठे काय घडणार ते आधीपासून माहीत आहे, आणि समोरचीला ते आत्ता, या क्षणी कळतंय. पाखरू हुकलं की तिची भुवई वर जाते, लागलं की नाकपुडी फुगते. खेळ कशासाठी करायचा असतो हे चारुलताला त्या दुपारी समजलं. पुस्तकात ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दोन वर्षं अशी गेली. सुचिता शाळेतून यायची, दप्तर आत्याच्या ओट्यावर फेकायची आणि इकडे. तिच्यासाठी चारुलताने मांजर घातलं, वावटळ घातली. खेळाच्या तिसऱ्या पायरीवर तर पाखरंच येत नाहीत, नुसता वारा सुटतो आणि कणसं हलतात. "हे काऊन?" सुचिताने विचारलं. "दम खायला," चारुलता म्हणाली. त्यावर दोघी किती हसल्या.

दहावीची परीक्षा झाली आणि सुचिताचं लग्न ठरलं. मुलगा मोताळा तालुक्यातला, धामणगाव बढे इथला, घरची शेती बरी. सामान न्यायला ती भावासोबत आली तेव्हा चारुलताने टीव्ही लावूनच ठेवला होता, खेळ चढवून ठेवला होता. कॅसेटवरून चढायला पाच मिनिटं लागत, ती पाच मिनिटं तरी वाचावीत म्हणून.

"एक डाव खेळतेस?"

सुचिताने दाराकडे पाहिलं. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. "भाऊ उभा हाय वं," ती म्हणाली. मग चारुलताचा हात हातात घेऊन, जरा मोठ्या बाईसारखं, म्हणाली, "येजो लग्नाले. नक्की."

चारुलता लग्नाला गेली. शालूत सुचिता ओळखू आली नाही. जेवून संध्याकाळच्या गाडीने आईसोबत परत आली. दुसऱ्या दिवशी तिने खेळ लावला, स्वतःच खेळून पाहिला, आणि पहिल्याच पायरीवर बंद केला. स्वतःला गुदगुल्या करून हसू येत नाही, तसंच ते होतं.

त्यानंतरची गोष्ट पुण्याच्या माणसाची. पेपरात एका दुकानाची जाहिरात आली होती: घरगुती कॉम्प्युटरसाठी खेळ तयार केले असल्यास पाठवा. तिने कॅसेट पाठवली, खाली सही केली 'सी. व्ही. देऊळगावकर'. ही सोळा-सतरा वर्षांची असतानाची गोष्ट. दोन महिने काहीच नाही. मग एका दुपारी चष्मा लावलेला, धुळीने माखलेला एक तरुण दारात उभा. नाव शंतनु. रात्रभर एसटीत बसून आला होता.

"देऊळगावकर इथेच राहतात ना? तुमच्या मुलाला भेटायचं होतं. सी. व्ही."

वामनराव गोंधळले. "मुलगा? मला मुलगा नाही हो."

"मग कॅसेट कुणी पाठवली?"

दाराच्या पडद्याआडून चारुलता बाहेर आली. शंतनुने तिच्याकडे पाहिलं, वामनरावांकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. मग त्याने चष्मा काढून रुमालाने पुसला. "पाखरांचा थवा एवढा गुळगुळीत कसा हलतो?" त्याने विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट हाच प्रश्न.

तिने सांगितलं. अर्धी एका खेपेला, अर्धी दुसऱ्या. त्याने मांडीवर थाप मारली आणि मोठ्याने हसला. त्या संध्याकाळची गाडी सुटेपर्यंत ते दोघं त्या डब्यापुढे बसून होते. चहा दोनदा गार झाला. आयुष्यात पहिल्यांदा चारुलता भराभर बोलत होती. शब्द जुळवायला वेळच लागत नव्हता, कारण समोरच्याला अर्ध्या वाक्यात कळत होतं. वामनराव दाराशी खुर्ची टाकून पेपर धरून बसले होते. पान उलटत नव्हतं.

निघताना शंतनु म्हणाला, "खेळ मी घेतो. पण एक आहे. शहरातली पोरं पाखरं नाही घेणार. पाखरांच्या जागी अवकाशयानं कर. माळ्याच्या जागी अवकाशतळ. मग बघ."

तिने केलं. ठिपके बदलायचे, बाकी सगळं तेच. पाखरू पुसून त्या जागी यान भरायला एक दुपार पुरली. पण तिसऱ्या पायरीवर, जिथे नुसता वारा सुटायचा, तिथे अवकाशात काय करावं हे तिला सुचेना. ती पायरी तिने काढून टाकली.

दुकानाने खेळ विकला. रंगीत वेष्टनावर दुकानाचं नाव होतं, तिचं नव्हतं. शंतनुने लिहून कळवलं की पोरांना आवडतोय, आणखी पाठव, जमलं तर पुण्याला ये, इथे तुझ्यासारखे चार-पाच जण आहेत. ते 'तुझ्यासारखे चार-पाच जण' तिने कितीतरी वेळा वाचलं. वामनराव म्हणाले, "आधी शिक्षण." आवाज चढवला नाही, पण तो विषय तिथे संपला. ती शिकायला अमरावतीला गेली. शिक्षण संपवून खरंच पुण्याला पोचली तेव्हा सहा वर्षं उलटली होती. ती त्या पत्त्यावर गेली. दुकानाच्या जागी फटाक्यांसारख्या रंगांच्या साड्या लावलेल्या होत्या. तसले घरगुती डबे बाजारातून केव्हाच गेले होते, आणि शंतनु कुठे गेला हे साडीवाल्याला सांगता आलं नाही.

पुण्यात ती चोवीस वर्षं राहिली. बँकांचे, विम्याचे, पगारांचे प्रोग्राम लिहिले. चांगलं नाव झालं. अडलेलं काम तिच्याकडे यायचं. हाताखालची मुलं तिला घाबरत नसत, पण डबा खायला तिच्या टेबलाशीही येत नसत. मुलगी दाखवण्याचे कार्यक्रम दोन-चारदा झाले. एका स्थळाने विचारलं, रिकाम्या वेळात काय करता? तिने विचार केला, आणि तिच्या सवयीने तो इतका लांबला की मुलाच्या आईने मधेच पोह्यांचं कौतुक सुरू केलं. पुढे आई-वडिलांनी विचारणं सोडलं. खेळ तिने पुन्हा केला नाही. वेळ नव्हता असं नाही. कुणासाठी करायचा हेच नव्हतं.

आई गेली तेव्हा सुचिता भेटायला आली होती. अंगाने भरलेली, केसांत पांढरं, सोबत नवरा. चारुलताच्या गळ्यात पडून रडली. "तुही माय मले गरम भाकर द्यायची वं, वरतून तूप," ती म्हणत राहिली. जरा शांत झाल्यावर चारुलताने विचारलं, "पाखरं आठवतात का गं?"

"कोणते पाखरं?"

"टीव्हीवरची. आपण खेळायचो."

सुचिताने खरंच आठवायचा प्रयत्न केला. "टीव्ही पाहाले येत होतो आपण सारे, हाव," ती म्हणाली. "रविवारचं."

चारुलताने मान डोलावली.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये ऑफिसं बंद झाली आणि ती लॅपटॉप घेऊन मेहकरला आली ती परत गेलीच नाही. वामनराव ऐंशीचे झाले होते. तोवर फोनवर ते नीट बोलायचे, म्हणून तिला कळलंच नव्हतं. घरी आल्यावर कळलं. ते एकच पेपर चार-चार दिवस वाचत. अंघोळ झाली की नाही हे विसरत. आणि एका सकाळी तिने चहा दिला तेव्हा त्यांनी उठून उभं राहत, अदबीने विचारलं, "बाई, आपण कोणत्या खात्यात आहात?"

डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा, हाताला काहीतरी द्या. दुपारी तिची कामाची बोलणी चालायची. कानाला हेडफोन, समोर चार देशांतले चेहरे. वामनराव शेजारी खुर्ची ओढून बसत आणि तिच्या बोटांकडे बघत. बोटं थांबली की अस्वस्थ होत. शेवटी तिने एका शनिवारी एक लहानसा खेळ लिहिला. त्यात हरणं नव्हतं, जिंकणं नव्हतं. पडद्यावर सुकलेले वाफे. बोट टेकवलं की पाटातून पाणी येऊन त्या वाफ्यात शिरतं, खळखळ आवाज होतो, माती काळी होते, आणि हळूहळू हिरवं वर येतं. मेथी, कोथिंबीर, वांगी. थोड्या वेळाने वाफा पुन्हा सुकतो. बस्.

टॅब्लेट तिने त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी घाबरत बोट टेकवलं. पाणी आलं. त्यांनी बोट उचलून बोटाकडेच पाहिलं, ओलं झालंय का म्हणून.

मग रोज दुपारी ते वाफे भिजवायला बसू लागले. ती कामात, ते पाणी देण्यात. अधूनमधून विचारत, "तुमचे साहेब रागावणार नाहीत ना? मी तुमचं यंत्र अडवून बसतो."

"नाही रागावणार."

एकदा ते म्हणाले, "माझ्या मुलीलाही याचा नाद होता. पुढच्या खोलीत बसायची. एकटीच."

चारुलताने हेडफोन काढला. "आता कुठे असते ती?"

"पुण्याला."

"येते की नाही?"

"कामं असतात तिला," वामनराव म्हणाले, आणि वांग्याच्या वाफ्याला पाणी दिलं. "हुशार आहे. पण ती काय करते ते आम्हाला कधी कळलं नाही हो. विचारावं तर वाटायचं, आपण काहीतरी अडाण्यासारखं विचारू, हसेल."

"हसली नसती," ती म्हणाली.

"असं म्हणता?" त्यांनी विचार केला. मग खेळाकडे वळले.

ती त्या दिवशी म्हणू शकली असती की बाबा, मीच ती. आधी बऱ्याचदा म्हटलंही होतं; ते घाबरायचे, माफी मागायचे, आणि दहा मिनिटांत पुन्हा बाई म्हणायचे. म्हणून तिने हेडफोन पुन्हा कानाला लावला. पण त्या दिवसापासून ती त्यांच्या शेजारी रिकामीही बसू लागली, त्यांच्या तोंडाकडे बघत. हिरवं वर आलं की त्यांचा खालचा ओठ किंचित पुढे यायचा.

बावीसच्या हिवाळ्यात वामनराव गेले. झोपेतच. नातेवाईक आले, दिवस झाले, नातेवाईक गेले. घरात आवाज उरला तो फ्रिजचा आणि तिच्या बोटांचा. दिवसभर ती इतक्या लोकांशी बोलायची, पण संध्याकाळी दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणताना लक्षात यायचं की आज मराठीतला हा पहिला शब्द. टॅब्लेट कपाटात गेला. वर्षभराने तिने खेळ फोनवर चालेल असा केला आणि सगळ्यांना फुकट मिळेल अशा ठिकाणी चढवला. का चढवला हे तिला विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. फेकून देववत नव्हता, एवढंच. नावाच्या जागी पहिल्यांदाच तिने पूर्ण नाव लिहिलं, आणि अडचण आल्यास म्हणून नंबर. कुणीतरी उतरवून घेत होतं. आकडा हळूहळू वाढताना दिसे. फोन कुणाचा आला नाही.

गेल्या वर्षी, वैशाखातल्या एका सकाळी आला. अनोळखी नंबर.

"चारुलताबाई बोलतात काय? ते पाण्याच्या गेमवाल्या?"

"हो."

"मी इंद्रभान बोलून राह्यलो, संग्रामपूरहून. शेती करतो. तसं काही नाही जी, माझ्या मायचं एक काम होतं तुमच्याकडे."

त्याची आई तानुबाई पडून मांडी मोडलेली, तीन महिने खाटेवर. जन्मभर शेतात गेलेली बाई, खाटेवर पडून तिचं डोकं फिरायला लागलं होतं. सुनेवर ओरडायची, रडायची. नातीने आपल्या जुन्या फोनवर हा खेळ घालून दिला. "आता दिवसभर तेच. वांगे भिजवते, मेथी भिजवते, अन् आमाले सांगते, तुमी बसा, मले कामं हायेत."

चारुलता हसली. स्वतःचं हसू तिला जरा परकं वाटलं. "मग अडचण काय आली?"

"तिले ऐकू नाही येत जी बरोबर. पाण्याचा आवाज लई बारीक हाय. फोनचा आवाज फुल करून पाह्यला. ती म्हणते, पाणी आलं का नाही आलं काय समजावं? तुमाले मोठा करता येईन काय?"

"येईल. थांबा जरा. फोन ठेवू नका."

तिने लॅपटॉप ओढला. आवाज वामनरावांच्या खोलीपुरता ठेवलेला होता. शेजारी कामाची बोलणी चालायची म्हणून मुद्दाम दबका. तिने तो उचलला. मग वाटलं, नुसता मोठा करून भागणार नाही; म्हाताऱ्या कानाला बारीक सूर ऐकू येत नाहीत, जाड आवाज हवा. तिने पाण्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज घातला, विहिरीच्या पंपाचं पाणी हौदात पडावं तसा. पलीकडे इंद्रभान कुणाला तरी सांगत होता, "आवं, त्या बाईच करून राह्यल्या. सोता." मधेच ढोरं हंबरली. तिने नवीन खेळ त्याला पाठवला, कसा घालायचा ते सांगितलं, नातीला बोलावून पुन्हा सांगितलं.

"लाव मायले," इंद्रभान म्हणाला.

भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी खोकणं. आणि मग फोनमधून, संग्रामपूरच्या त्या खोलीतून, धबाबा पाणी पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ एक म्हातारा, खणखणीत आवाज ओरडला:

"आलं वं, आलं! कोणाची मोटार हाय हे? लई जोर हाय पाण्याले!"

खोलीत सगळे हसले. इंद्रभान पुन्हा फोनवर आला. "झालं जी काम. लई उपकार. ठेवू काय मग?"

चारुलताला काय बोलावं ते सुचायला नेहमीसारखा वेळ लागला. तो थांबला.

"तुम्ही ठेवू नका," ती म्हणाली. "म्हणजे, तुम्हाला काम असेल तर जा. फोन तसाच आईंच्या खाटेवर राहू द्या थोडा वेळ. त्या कशा खेळतात ते मला ऐकायचंय."

"हाव, ऐका ना," इंद्रभान म्हणाला, त्यात काहीच विशेष नसल्यासारखा. "मी ढोराईले पाणी दाखवून येतो."

फोन खाटेवर टेकल्याचा आवाज झाला. तानुबाई मेथीशी बोलायला लागल्या.